सुटलेली दोन पानं

आधी पारूमावशीचं नाव लिहिते, मग बाकीचं. मी सांगायला बसले की भरकटते, आणि ज्याचं नाव पहिलं घ्यायचं तेच शेवटी राहून जातं. पारूमावशी म्हणजे दहिसरच्या बाजारात मासळी विकणारी कोळीण. वय सत्तरीच्या आसपास, नक्की तिलाही माहीत नाही. शाळेत ती एक दिवसही गेलेली नाही. मी सहावीपर्यंत शिकले, म्हणून तिच्या हिशेबी मी शिकलेली बाई, आणि हे ती बाजारात चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगते. मला आधी लाज वाटायची. आता वाटत नाही. जे मी लिहिते आहे ते आमच्या घरी पूजतात त्या महाराजांनी माझ्यासाठी केलं असं मी मानते, पण माझ्यापर्यंत ते पोचवलं पारूमावशीने. म्हणून तिचं नाव पहिलं.

माझं माहेर देवगडच्या आतल्या बाजूला. सहावीत होते तेव्हा आई गेली, चूल माझ्याकडे आली आणि शाळा सुटली. बाबांनीच मला वाढवलं. ते मला नावाने कधी हाक मारायचे नाहीत, "बाय" म्हणायचे. लग्न होऊन दहिसरला आले त्याला आता अठरा वर्षं झाली. बोरीवलीच्या एका पोळी-भाजी केंद्रात मी पोळ्या लाटते. हात चालतो माझा, पण मन पहिल्यापासून भित्रं. फोन वाजला की आधी वाईटच काहीतरी मनात येतं. गावाकडचा नंबर दिसला की पोटात गोळा येतो.

मागच्या वर्षी बाबांना तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी निघाले होते, पण भावाच्या फोनवरून बाबाच म्हणाले, "बाय, तू येव नको. थयसून पोथी वाच. माका पोचात." तिथूनच वाच, मला पोचेल, असं. आमच्या घरी ज्या महाराजांना मानतात त्यांची पोथी आईच्या वेळची आहे, लाल कापडात बांधलेली. मी सात दिवसांचं पारायण धरलं. पहाटे अंघोळ करून पाटावर बसायचं, वाचायचं, मग कामावर जायचं. माझं वाचणं कसं, तर अक्षराला अक्षर जोडत. सगळं लक्ष जोडण्यातच जातं, अर्थ मागे राहतो. ओवीपुढचे आकडे मी कधी बघतच नाही. पण मी एकही दिवस चुकवला नाही. सातव्या दिवशी नैवेद्य दाखवला आणि दुपारी भावाचा फोन आला की बाबा गेले.

दिवसकार्य करून परत आल्यावर पोथी कापडात बांधायला घेतली तेव्हा हाताला दोन पानं जाड लागली. एकमेकांना चिकटली होती. तिसऱ्या दिवशी पूजा करून ओल्या बोटांनीच मी वाचायला बसले होते, तेव्हाचं गंध मधे वाळून बसलं होतं. नखाने हळूच सोडवली. आतली समोरासमोरची दोन पानं न वाचलेली, माझी नजरही न पडलेली. मी मागचं पुढच्याला जोडून वाचत गेले आणि मला कळलंसुद्धा नाही. तिथेच जमिनीवर बसले. बाबांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि तीही मी अर्धवट केली. पारायण खंडित झालं, म्हणून बाबा गेले. हे वाक्य त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं आणि सव्वा वर्ष तिथेच राहिलं.

हे मी कुणालाच सांगितलं नाही, यांनाही नाही. ती दोन पानं वाचायचं धाडसही झालं नाही. वाटायचं, त्यातच बाबांचा जीव होता. पोथी पुन्हा बांधली आणि वर फळीवर ठेवली. आणि मग मी स्वतःला शिक्षा द्यायला लागले. भात सोडला. कोकणातल्या माणसाने भात सोडायचा म्हणजे काय ते कोकणातल्यालाच कळेल. गुरुवारी पाणीसुद्धा प्यायचे नाही. चपला सोडल्या. पोळी करपली की मनात म्हणायचे, सहावी शिकलेली, तुझ्याकडून दुसरं काय होणार. हे विचारायचे, "असं काय करतेस? कसला नवस आहे?" मी म्हणायचे, "आहे एक." याला मी भक्ती समजत होते. महाराजांच्या तसबिरीसमोर हात जोडायचे, पण त्यांच्याकडे मान वर करून बघायचे नाही.

एका शुक्रवारी यांच्यासाठी मासळी घ्यायला बाजारात गेले. आदल्या दिवशीचा निर्जळी उपास, सकाळी नुसता चहा. बांगडे निवडता निवडता डोळ्यांपुढे अंधार आला. पुढचं आठवतं ते तोंडावर पडलेलं बर्फाचं पाणी, त्याला मासळीचा वास, आणि एक आवाज. "डोले उघड गो बाय. बाय, माझ्याकडं बग." डोळे उघडायच्या आधीच मला रडू फुटलं. बाबा गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती. मला माहीत आहे, कोळणी सगळ्यांनाच बाय म्हणतात. मी त्यावर वाद घालत नाही. त्या वेळी मला जे वाटलं ते लिहिते आहे.

पारूमावशीने मला स्वतःच्या पाटावर बसवलं, मागच्या चहावाल्याकडून पाव मागवला आणि मी खाईपर्यंत गिऱ्हाईक बघितलं नाही. "कुनी सांगितलं एवढं उपाशी वालून सुकायला? देवानं?" असं विचारलं. मग म्हणाली, "येत्या बेस्तरवारी, गुरुवारी, माझ्याबरोबर चल. त्या दिवशी अर्धी दुनिया मासळी खात नाय, माझं दुकान दुपारीच उठतं. आमी बाया जमतो." मी विचारलं, "भजन असतं का?" ती म्हणाली, "नाय गो. नुसत्या बसतो."

दहिसरलाच एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत दहा-बारा बायका जमायच्या. मेधाताई नावाच्या निवृत्त नर्स ते चालवत. चटईवर बसायचं, डोळे मिटायचे, श्वास बघायचा. मग हात छातीवर ठेवायचा आणि आपल्याला आत्ता काय दुखतंय ते पळ न काढता बघायचं. मग जिवाभावाच्या मैत्रिणीला ज्या सुरात सांगू, त्या सुरात स्वतःला दोन शब्द सांगायचे. मेधाताईंनी सांगितलं, "याला सजग आत्मकरुणा म्हणतात." पारूमावशी लगेच, "एवढा मोठा काटा कशाला घशात घालता? माया म्हना." सगळ्या हसल्या, मेधाताई सगळ्यांत जास्त.

मला ते जमेना. छातीवर हात ठेवला की हात जड व्हायचा. आतून एकच आवाज यायचा, तो शाळेतल्या बाईंसारखा ओरडणारा. तीन गुरुवार मी नुसती बसून परत आले. पण दर वेळी जाताना पारूमावशी बाजाराच्या तोंडाशी माझी वाट बघत उभी असायची, म्हणून जाणं टाळता आलं नाही.

चौथ्या गुरुवारी मेधाताई म्हणाल्या, आपल्या हातून झालेली चूक दुसऱ्या कुणाकडून झाली असं समजा आणि सांगा. माझी पाळी आली. मी म्हणाले, "माझी एक शेजारीण आहे." आणि सगळं सांगितलं. पोथी, चिकटलेली पानं, तिचे वडील. सांगताना घाम फुटला होता. वाटलं, आता सगळ्या तोंडाला पदर लावतील. तर पलीकडची एक बाई म्हणाली, "अय्या, बिचारी! आणि वर्षभर असं मनात ठेवून बसली?" दुसरी म्हणाली, "तिला सांग, महाराज काय तपासनीस आहेत का, पानं मोजायला?" पारूमावशी माझ्या अनवाणी पायांकडे बघत बसली. मग मेधाताईंनी मला विचारलं, "तुम्ही तिला काय सांगाल?"

माझ्या तोंडून आपोआप आलं. "मी सांगेन, अगं, दमली होतीस तू. पहाटे उठून, नीट वाचता येत नसताना, सात दिवस बसलीस. बापाला पोचावं म्हणून बसलीस. तू वाईट नाहीस गं." एवढं बोलले आणि रडायलाच लागले. हात छातीवरच होता. पहिल्यांदाच तो हलका वाटला. पारूमावशी सरकत सरकत माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "त्या शेजारनीला सांग, पुढच्या बेस्तरवारी पोथी घेऊन ये. आनि चपला घालून ये." रडता रडता मला हसू आलं.

पुढचा आठवडा मी झोपले नाही म्हटलं तरी चालेल. एकदा वाटायचं, पोथी न्यायचीच नाही. ती दोन पानं वाचली आणि त्यात काही असलं, वडिलांचं, मरणाचं, तर? आत्ता कुठे श्वास घेता येत होता, तोही जाईल. पण गुरुवारी फळीवरून पोथी काढली. चपलाही घातल्या. यांनी बघितलं आणि दार उघडून धरलं.

सगळ्या जमायच्या आधीच आम्ही दोघी जाऊन बसलो. पारूमावशी समोर मांडी घालून बसली. मी म्हणाले, "मावशी, माझं चुकेल." ती म्हणाली, "मना अक्षर येत नाय. तू चुकलीस तर मना काय कलनार? वाच. मी आइकते." मी लाल कापड सोडलं, गंधाचा डाग असलेली पानं उघडली, हात छातीवर ठेवला आणि वाचायला लागले.

काय होतं त्या पानांत? महाराज चालत होते. एका गावाहून दुसऱ्या गावाला निघाले होते. वाटेत नदी लागली, ती उतरून गेले. एका घरी भाकरी खाल्ली, एका झाडाखाली टेकले, पुन्हा उठले, पुढचं गाव आलं. गावांची नावं, वाटांची नावं. दोन्ही पानं एवढंच. शाप नाही, मरण नाही, चमत्कारसुद्धा नाही. दोनदा अडखळले, मागे जाऊन पुन्हा वाचलं. संपल्यावर मी पान उलटून बघितलं, आणखी काही आहे का म्हणून. मग डोकं वर करून म्हणाले, "मावशी, काहीच नाही यात. महाराज नुसते चालतायत."

तिने पोथीच्या पानावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मंग बरोबर हाय ना. तुझा बाबा निघाला तवा महाराज वाटंवरच होते. एकटा नाय गेला तो."

यावर मी काय लिहू? तिला पोथी माहीत नाही, माझे बाबा माहीत नाहीत. हे तिला कुणी सुचवलं, ते ज्याने त्याने समजावं. माझ्यापुरतं सांगते, सव्वा वर्ष डोक्यात बसलेलं वाक्य तेव्हा उठून गेलं. जागा रिकामी झाली आणि मला कडकडून भूक लागली. पारूमावशीने डबा उघडला, वालाचं बिरडं आणि भात. मी तिच्या डब्यातला भात खाल्ला. एवढा खाल्ला की ती म्हणाली, "बाय, डबा ठेव मना, डबा नको खाऊ."

आता मला जे समजलं ते साध्या शब्दांत लिहिते. मी समजत होते की शरण जायचं म्हणजे स्वतःला खाली दाबायचं, उपाशी ठेवायचं, शिव्या द्यायच्या. पण देवाच्या पायाशी ठेवायचा जीव असा मारून मुटकून आणायचा नसतो. माझं तर उलटंच चाललं होतं. शिक्षा मी ठरवत होते, ती किती दिवसांची तेही मीच ठरवत होते, महाराजांना काही करायला जागाच ठेवली नव्हती. चूक झाली, हे कबूल केलं. तिच्यावर मायेने हात ठेवला. पुढचं त्यांच्यावर सोडलं. हे सोडणं मला जड गेलं, उपास त्यापेक्षा सोपे होते.

आणि एक गोष्ट अभिमानाने सांगते. अभिमान धरू नये म्हणतात, पण हा धरते. त्यानंतर यंदाच मी पुन्हा पारायण केलं, आणि घरी एकटीने नाही, त्या खोलीत, सगळ्या बायकांसमोर, मोठ्याने. सहावी शिकलेली मी वाचत होते आणि त्यात एक कॉलेजात शिकवणारी बाईसुद्धा हात जोडून ऐकत होती. अडखळले की थांबायचे, छातीवर हात ठेवायचे, मनात म्हणायचे, असू दे बाय, आणि पुढे वाचायचे. सातव्या दिवशी महाराजांच्या तसबिरीकडे मान वर करून बघितलं. बराच वेळ बघितलं. भीती अजून आहे, फोन वाजला की पोटात अजून गोळा येतो. पण आता मी त्या गोळ्याला ओरडत नाही.

पारायण संपल्यावर एक लक्षात आलं. इतक्या गुरुवारांत सगळ्यांनी आपापली चूक बोलून दाखवली, पारूमावशीने कधीच नाही. पाळी आली की ती म्हणते, "माझा नंबर मागून," आणि दुसरीचे डोळे पुसायला लागते. डोळे मिटून बसलो असताना एकदा मी चोरून बघितलं, तिचा हात मांडीवर मुठीत घट्ट वळलेला होता. काय आहे मला माहीत नाही, मी विचारणारही नाही. पण मावशी, हे तुला कुणीतरी वाचून दाखवेलच, म्हणून इथे लिहून ठेवते. ज्या दिवशी तुझा नंबर येईल, त्या दिवशी मी तुझ्या समोर मांडी घालून बसेन, पोळ्यांचं काम टाकून येईन, आणि तुझं सांगून होईपर्यंत उठणार नाही.