साहेबांचा खांब आणि सोमीबाईचा मोह

साहेबांची जीप नाल्यापलीकडे दिसली, तेव्हा आमचं एरियल जमिनीवर लोळत पडलं होतं.

मी तेव्हा चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, सरकारी खात्यात रेडिओ मेकॅनिक होतो. नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी होतं. सरकारनं खेड्यापाड्यांत बॅटरीवर चालणारे रेडिओ वाटले होते. संध्याकाळी गाव जमायचं आणि नागपूरचा ग्रामीण कार्यक्रम ऐकायचं. ऐकू आला तर. धानोऱ्याच्या पुढं जंगलात तो धड यायचा नाही. तिथल्या एका गावी माधोभाऊ पाटलांच्या छपरीतला सेट तर कढईत लाह्या फुटाव्यात तसा नुसता तडतडायचा.

एरियल म्हणजे हवेतून येणाऱ्या लहरी पकडणारी तार. स्टेशन जितकं लांब, तितकी ती लांब आणि उंच हवी. शास्त्र एवढंच. पण एवढ्याशा शास्त्रावर आमच्या खात्याच्या साहेबांचं समाधान कसं व्हावं? त्यांनी कुठल्याशा सप्लायरकडून लोखंडी खांब मागवले होते, माथ्यावर छत्रीच्या काड्यांसारखे दांडे असलेले. साहेब त्यांना 'हाय-गेन एरियल' म्हणत. गेन म्हणजे दूरवरून येणारा अशक्त सिग्नल एरियल किती भरून घेतं ते. साहेबांच्या मते लोखंड जितकं जास्त, तितका गेन जास्त.

एक खांब बैलगाडीनं आणून पाटलांच्या दारात रोवला. सेटला जोडला. तडतड तेवढीच राहिली, फक्त आता ती मंजूर झालेली तडतड होती. खांब काढायचा तर पुन्हा वरून मंजुरी हवी. म्हणून तो तसाच उभा ठेवला, माधोभाऊंनी त्याला बकरी बांधली आणि मी साध्या तारेच्या मागे लागलो.

तारेचं एक टोक उंचावर बांधायचं, दुसरं सेटकडे उतरवायचं. उतरणारं टोक स्टेशनच्या बाजूला आलं तर उत्तम. म्हणजे छपरीच्या मागं, नागपूरच्या उलट दिशेला, उंच झाड हवं. तसं एकच होतं, मोहाचं, आणि ते सोमीबाईचं होतं. त्या मुलखात मोहाच्या झाडाला मालक असतो. कागद कुठंच नसतो, पण कोणतं झाड कोणाचं हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. तेव्हा आधी तिला विचारणं आलं.

"बांध," ती म्हणाली. "पण शुक्करवारी मले पुढं बसवजो."

शुक्रवारी तिचा मुलगा दसरू रेडिओवर गाणार होता. गावच्या दंडारीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, गाणारा हा पोरगा नागपूरच्या गिरणीत गेला तो परत फिरकलाच नव्हता. तिला त्याचा आवाज ऐकायचा होता, बस्स.

मी फांदीवरून दोर टाकला, दोरानं तार वर ओढली आणि दोराचं खालचं टोक बुंध्याशी घट्ट बांधलं. नागपूर इतकं खणखणीत लागलं की माधोभाऊंनी आवाज कमी करायला लावला. मला आभाळ ठेंगणं झालं. एवढ्यात कळलं की साहेबांची तपासणीही शुक्रवारीच आहे. आवाज नीट नसेल तर सेट काढून ब्रह्मपुरीकडच्या एका गावाला द्यायचा होता. तिकडे रिसेप्शन बरं असतं, असं कारण दिलं होतं. रस्ता बरा होता हे खरं कारण.

शुक्रवारी दुपारी मी पोचलो, तर तार खाली. सकाळी सोमीबाईनं झाडाखालचा पाला जाळला होता. मोहाचे दिवस आले की तिकडे घरोघरी हेच करतात. जमीन स्वच्छ असली की पडलेलं फूल दिसतं. पाल्याबरोबर बुंध्याचा दोरही जळाला होता.

मी भडकलो. दोर दिसला नाही का, म्हणून विचारलं.

"दिसला ना," ती शांतपणे म्हणाली. "पण पाला काऊन ठेवाचा? फूल कुठी पडलं, ते कसं दिसन?"

तार नसेल तर दसरूही नाही, एवढंच मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती घरी गेली आणि बैलांचे कासरे सोडून घेऊन आली. नशिबानं साहेबांची जीप नाल्याच्या रेतीत रुतली. गावातले निम्मे लोक जीप ढकलायला गेले, आणि मला वाटतं, फार जीव लावून ढकलत नव्हते. उरलेल्यांतले दोघं झाडावर चढले. या खेपेला गाठ वरच्या फांदीला मारली.

साहेब आले ते थेट खांबापाशी. बकरी हटवली गेली. मी सेट लावला. स्वच्छ आवाज आला. साहेबांनी खांबाकडे बापाच्या कौतुकानं पाहिलं.

"पाहिलंत? याला म्हणतात हाय-गेन."

मी तोंड उघडणार, तोच माधोभाऊंनी माझा पाय दाबला. "खांब मोठा गुणाचा हाय साहेब," ते म्हणाले. सेट गावातच राहिला.

निवेदकानं दसरूचं नाव घेतलं, गाणं सुरू झालं. नेमके तेव्हाच साहेब भाषणाला उभे राहिले. विज्ञान, ग्रामोद्धार वगैरे. पुढ्यात बसलेल्या सोमीबाईनं रेडिओवरची नजर न काढता म्हटलं, "साहेब, थोडं बसा. माहा पोरगा गाऊन राह्यला."

साहेब बसले. गाणं संपेपर्यंत कोणी हाललं नाही. त्यानंतर भाषण झालं, पण सोमीबाई तोवर उठून घरी गेली होती.

साहेबांनी वर कळवलं की यश खांबाचं आहे. प्रत्येक गावी खांब लावायचा हुकूम निघाला. मी इमानेइतबारे सगळे लावले आणि प्रत्येकाच्या मागं, ज्याचं झाड त्याला विचारून, गुपचूप एक तार बांधली.

तेव्हा लांबचं स्टेशन पकडायचं असेल तर एरियल दोन निवडावीत. एक साहेबांना दिसेल असं, एक रेडिओला कळेल असं. आणि मोहाच्या बुंध्याशी दोर बांधू नये.