गेलेली बॅटरी ओळखणारे पाक कार्नोतो

सुराबायाच्या आमच्या गल्लीत पाक कार्नोतोंचा शब्द म्हणजे निकाल. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही पाक म्हणतो, बाईला बू. लॅपटॉपची बंद पडलेली बॅटरी उघडून, मीटर लावून ते सांगत, "झोपलीय," नाहीतर "गेली." झोपलेलीला ते सावकाश चार्ज करून उठवत. गेलेलीला हात लावत नसत, गिऱ्हाईक कितीही गयावया करो. समोरचे पाक जुमादी त्यांना बॅटऱ्यांचे वैद्यबुवा म्हणायचे.

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचे. वय बावीस, जीभ तिखट, अक्कल बेताची. त्या घरात भाताचा कुकर आणि पाण्याचा पंप एकदम लागले की विजेचा खटका पडे, आणि बॅटरीवाचून चालणारा माझा जुना लॅपटॉप तिथेच मान टाकी. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण मी असं गमावलं होतं. हातात पंधरा दिवस होते. नापास झाले तर बाबा गावी नेऊन लग्न लावणार, हे ठरलेलं होतं. त्या लॅपटॉपची नवी बॅटरी बाजारात मिळतच नव्हती.

वर्षभर ट्रंकेत पडलेली जुनी बॅटरी मी पाक कार्नोतोंपुढे ठेवली. त्यांनी मीटर लावला आणि मान हलवली.

"गेली, पोरी. इतकी रिकामी पडून राहिली की आत तांब्याचे काटे धरतात. वरून दिसत नाहीत. चार्ज होईल, चालेलही. मग एक दिवस पेट घेईल."

चालेल एवढंच मी ऐकलं.

आमच्याकडे मेलेल्या बॅटरीवर एक घरगुती औषध होतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायची. गल्लीत फ्रीझर एकच, पाक कार्नोतोंच्या बायकोचा. बू सुमिनी त्यात बर्फाच्या कांड्या करून विकत. खायच्या वस्तूत बॅटरी ठेवायची नाही, असं नवऱ्याने त्यांना बजावलं होतं. पण मी रडले, आणि त्या विरघळल्या. चिंचेच्या कांड्यांखाली माझी बॅटरी तीन दिवस गार झाली.

आणि चालली की! चाळीस मिनिटं. मी लॅपटॉप मिरवत खाली गेले आणि पाक कार्नोतोंना ऐकवलं, वैद्यबुवा, तुमचा मुडदा उठून बसला. ते हसले नाहीत. कोणी उठवली, हेही विचारलं नाही. त्या दिवसापासून रोज येता-जाता बॅटरीवर तळवा ठेवून बघायचे. मला त्याचा राग यायचा.

प्रबंध दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी, मी लॅपटॉप गादीवर चार्जिंगला लावून कपडे धुवायला खाली गेले. पाक कार्नोतोंना गोडसर, नखपॉलिशसारखा वास आला. ते जिना चढले तेव्हा बॅटरी फुगून धूर सोडत होती. लॅपटॉपमधून उपटून, नुसत्या हातांनी धरून त्यांनी ती खाली आणली. आपल्या कामाच्या टेबलाखालच्या वाळूच्या बादलीपर्यंत पोचताना ती पेटलीच.

गल्ली जमली. उजव्या हाताची बोटं पाण्यात बुडवून ते म्हणाले, "माझाच उद्योग. म्हटलं, गेलेली उठतेय का बघू."

लोक वर्षानुवर्षं हसले. वैद्यबुवांनाच नाडी कळली नाही, असं जुमादी येईल त्याला सांगत. दोन बोटं आखडली ती आखडलीच. बारीक सोल्डरिंग सुटलं, लॅपटॉप येईनासे झाले. पाक कार्नोतो मग पंखे आणि भाताचे कुकर दुरुस्त करत बसले. मी पास झाले, मलांगला नोकरीला लागले. दर ईदला यायचे, त्यांच्या पाया पडायचे आणि गप्प परत जायचे. लाज वाटायची, अजून वाटते.

माणूस गेल्याच्या हजाराव्या दिवशी आमच्याकडे जेवण घालतात; त्यांच्या त्या जेवणाला मी गेले. बाहेर चटईवर पुरुष, आत आम्ही बायका. बू सुमिनी तांदळाच्या पिठाचे मऊ गोड आपेम ताटात रचत होत्या. बाहेर जुमादींनी पुन्हा तीच गोष्ट काढली, वैद्यबुवांची नाडी. प्रेमानेच सांगत होते. सगळे हसले.

खरं काय ते सांगायला मी उठले. बू सुमिनींनी माझा हात धरला. "थांब. तुझं एकटीचं नाही ते."

ताट घेऊन त्या बाहेर गेल्या, माझा हात न सोडता. "बॅटरी माझ्या फ्रीझरमध्ये होती," त्या म्हणाल्या. "कांड्या कोणी घेणार नाही म्हणून त्यांनी मला सांगू दिलं नाही."

"आणि चार्जिंगला मी लावली होती," मी म्हणाले. "ते 'गेली' म्हणाले होते."

जेवणारे हात थांबले. जुमादींनी हातातला आपेम परत पानात ठेवला.

"म्हणजे कार्नोतोला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी," मी म्हणाले.

जुमादींनी पान बाजूला सारलं. मग म्हणाले, "आणि मी दहा वर्षं त्याच्या तोंडावर हसलो. तोही हसायचा गं माझ्याबरोबर."