वनिताच्या हॉटेलचा पहिला शनिवार

शनिवारी संध्याकाळी नवी मुंबईत बोनकोड्याला होते. माझी कॉलेजची मैत्रीण वनिता, तिने घराच्या तळमजल्यावर हॉटेल काढलंय... त्याचा पहिला दिवस. जे बघितलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आम्ही शिकत होतो तेव्हा हॉटेलसमोरच्या त्या रस्त्यावर दिवेलागणीनंतर चिटपाखरू नसायचं. खायला एक वडापावची गाडी आणि एक उडपी, तोही लवकर शटर ओढायचा. आता ओळीने कॅफे, मोमोज, कोरियन नूडल्स, शनिवारी लाइव्ह म्युझिक... कॉलेजच्या मुली आरामात गप्पा मारत फिरतात. मला तरी हा रस्ता आताच जास्त आवडतो.

वनिताचं सासर मूळचं बोनकोड्याचं, आगरी. भाताची शेतं कधीच गेली, रस्त्याला लागून घर तेवढं राहिलं. तळमजल्यावरचं झेरॉक्सचं दुकान बंद झालं तसं एका लाउंजवाल्याने अख्खी जागा मागितली. तिचा नवरा, आमचे प्रकाशभाऊ, जवळपास हो म्हणून बसले होते.

वनिता अडून बसली. एवढ्या हॉटेलांत आपलं जेवण कुठेच मिळत नाही, मी करते, म्हणाली. शेवटी प्रकाशभाऊ म्हणाले, "ठीक आहे. दिवाळीपर्यंत बघू. नाही चाललं तर लाउंज."

सासूबाईंना यातलं काहीच पसंत नव्हतं. "आमच्या दारान हलदीला गाव जेवलाय. जेवान काय इकाचं असतं का गो?" एवढं बोलून त्या वर निघून गेल्या.

तर शनिवारी मी सानपाड्याहून मदतीला म्हणून लवकर गेले. कोलंबीचं कालवण तयार, बोंबील मसाला लावून ठेवलेले... आणि भाकऱ्या करायला ठरवलेल्या दोघी बायकांचा निरोप आला. त्यांच्या नात्यात कोणीतरी वारलं होतं, दोघी पनवेलला निघून गेल्या होत्या.

आता तांदळाची भाकरी नाही तर आगरी जेवण कसलं? वनिता एकटी तव्यापाशी उभी राहिली. मी पण हात लावला, पण माझी भाकरी तव्यापर्यंत जायच्या आधीच फाटत होती.

आणि पोरं आली की हो... बघता बघता टेबलं भरली, बाहेरही उभी राहिली. कालवण होतं, भाकरी पुरत नव्हती. एक ग्रुप बराच वेळ थांबून उठून गेला. प्रकाशभाऊ नुसते मोबाईलमध्ये बघत बसले होते.

वनिताच्या डोळ्यांत पाणी होतं. मिरचीचा ठसका लागला, म्हणाली.

तेवढ्यात मागच्या दाराने शेजारची कॅफेवाली आत आली. प्रगती नाव, मूळची लातूरची, जेमतेम तिशीची. उठून गेलेला ग्रुप तिच्याकडेच जाऊन बसला होता, त्यांच्याकडून तिला कळलं.

अंगात कॉफीचे डाग पडलेला एप्रन तसाच. "ताई, भाकरीला कोणी नाही का? मला ज्वारीची येते. तांदळाची दाखवा, करते."

"अगं, आणि तुझा कॅफे?"

"पोरं आहेत तिथं. बसलेल्यांना सांगून आलेय, आज जेवण शेजारी आणि नंतर कॉफी माझ्याकडं."

वनिता बघतच राहिली. "तुझीच गिऱ्हाइकं इकडे पाठवतेस?"

"लोक आधी ठरवतात कुठल्या रस्त्यावर जायचं, ताई. दुकान नंतर. तुमचं चाललं तर माझंही चालेल." बोलता बोलता तिने हात धुतले पण.

पण ज्वारीची सवय... तिने खाली कोरडं पीठ पसरून थापायला घेतली आणि भाकरीला चिरा गेल्या. दुसरी पण तशीच.

दारात बसलेल्या सासूबाई इतका वेळ नुसत्या बघत होत्या. त्या उठल्या, पदर खोचला. "पीठ नको गो. हाताला पानी लाव... अशी. कोन गाव तुझं?"

"लातूर, आजी."

"लांब हाय. सरक जरा."

मग दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. सासूबाई थापत होत्या, प्रगती बघून बघून थापत होती, वनिता भाजत होती. मी टेबलांवर नेऊन देत होते. भाकरी टम्म फुगली की प्रगती लहान मुलीसारखी ओरडायची... आणि सासूबाई चक्क हसत होत्या!

उठून गेलेला ग्रुपही परत आला. कालवणाच्या पातेल्याचा तळ दिसला तेव्हा वनिता पहिल्यांदा खुर्चीवर टेकली. सासूबाई हात पुसत वर निघाल्या, जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "उद्या भाकरीची उकड जास्त काढ."

रविवारी सकाळी प्रकाशभाऊ स्वतः बाजारात गेले आणि मोठा तवा घेऊन आले. वनिताने मला फोन करून सांगितलं, आवाजच वेगळा होता तिचा.

नवीन येणाऱ्यांनी जुन्यांना हटवलं, असंच आपण बहुतेक वेळा ऐकतो. कुठे तसं होतही असेल... पण शनिवारी मी बघितलं ते हे असं होतं. प्रगती, तू हे वाचशील की नाही माहीत नाही. तू माझ्या मैत्रिणीची शेजारीण आहेस, याचा मला फार आनंद आहे.