पोतं पळत नाही
गोणपाटाचा वास आला की माझे हात अजून गार पडतात. सातवीत शाळा सुटलेला, विदर्भातून येऊन मार्केट यार्डात हमाली करणारा मी एका नव्या कंपनीच्या मैदानावर कबड्डीच्या निवडीला उभा होतो. संघात घेतलं तरच नोकरी मिळणार होती. चढाईला आलेल्या गड्याला मी पोत्यासारखी कंबरेत मिठी मारली आणि तो निसटला. "अहो हमालसाहेब, पोतं पळत नाही, माणूस पळतो! जोर पुष्कळ आहे, जरा पाय बघा त्याचे," प्रशिक्षक म्हणाले. आता एकच संधी उरली होती. तोच गडी पुन्हा चढाईला आला तेव्हा नजर त्याच्या पायांवरच ठेवली आणि तो वळताच घोटा धरला. "नाव काय आपलं?" एवढंच प्रशिक्षक बोलले आणि निवडीच्या यादीत माझं नाव लिहिलं. त्यांच्या त्या टोमण्यावर माझं घर उभं आहे, तरी स्वप्नात तो घोटा अजून हातातून सुटतो.