देव न मानणाऱ्या उत्तमचा दहावा

उत्तमच्या लेकीचा, मयूरीचा फोन आला तेव्हा मी वर्गावर निघालो होतो. “काका, बाबा गेले...” एवढंच ती बोलली. हातातला खडू तसाच घेऊन मी स्कूटरवर बसलो.

उत्तम सेनगावकडच्या मेंढपाळाच्या घरातला. विद्यापीठात आम्ही एका खोलीत राहायचो. मी मराठी घेतलं, यानं जगाचा इतिहास. पुढे हिंगोलीच्या एकाच कॉलेजात शिकवायलाही लागलो. मी चिडवायचो, “लेका, औंढ्याच्या देवाला कधी हात जोडले न्हाईस, अन् पोपची काळजी करून राहिला!” तो हसायचा. देव मानायचा नाही, पण मानणाऱ्याची टिंगल त्याला खपायची नाही. एकदा मी त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. चर्चमधल्या प्रसादाच्या भाकरीत येशू खरोखर उतरतो की ती नुसती आठवण, यावरून युरोपात माणसं जाळली गेली, हे ऐकून पोरं खो खो हसली. उत्तमनं पुस्तक मिटलं. “नैवेद्याच्या ताटाला कुत्रं शिवलं तर तुमची माय काय करती?” “दुसरं ताट करती,” एक पोरगी म्हणाली. “काहून? भाकर तर तीच हाय की.” उत्तमनं पुस्तक पुन्हा उघडलं. “हां. आता त्या लोकायचं वाचू.”

या माणसानं लेकीला बजावून ठेवलं होतं, माझ्यामागं दहावा-तेरावा काही करायचं नाही. स्वतःच्या आईला मात्र त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. सून आधीच गेलेली, आता लेक गेला. म्हातारीनं अन्न सोडलं. “दहावा न्हाई केला तर माहं लेकरू भुकं ऱ्हाईल रे,” ती मला म्हणाली. मयूरीही इतिहासच शिकते. रडून डोळे सुजलेले. “काका, बाबांचा शब्द मोडू का? तुमी सांगा.” मला खरं तर उत्तमचा राग आला. जगभरची भांडणं उलगडलीस आणि घरातलं आमच्यावर टाकून गेलास! “मला न्हाई सांगता येणार,” मी म्हणालो. “आजीला तरी नीट विचारलंस का?”

 मयूरी आजीजवळ जाऊन बसली. “आजी, बाबा उपाशी काहून राहतील? सांग मला.” म्हातारी सांगत गेली... गेलेल्याची वाट, त्याची तहान, त्याची भूक. मयूरीनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी तिनं विचारलं, “काय काय आणावं लागंल?” दहावा झाला. त्या दुपारी म्हातारी चार घास जेवली.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. आजी रोज संध्याकाळी उत्तमच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटापुढं ऊद घालते. उत्तमला दम्याचा त्रास, तो असता तर तिथं उदबत्तीही लावू दिली नसती. मयूरी त्याच्याच टेबलाशी वाचत होती. धुरानं तिला ठसका लागला. तिनं उठून खिडकी उघडली, आजीला बसायला खुर्ची सरकवली आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.