थोरल्या जावेचे पाय

दुष्काळात थोरल्या जावेनं आडावर माझी घागर कायम शेवटी लावली. माझ्या वाट्याला नुसता गाळ. तेव्हाच ठरवलं, लातूरला घर करायचं, दारात स्वतःचा नळ घ्यायचा आणि हिला जळवायचं. पुढं लातूर जिल्हा झाला, यांना कचेरीत शिपायाची नोकरी लागली, नळही आला. मग या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, पाहुण्या आल्या. पाय धुवायला तांब्या द्यायचा सोडून मी भरलेली बादलीच त्यांच्या पायांवर ओतली.

"अगं, पुरे की! लई झालं."

"असू द्या अक्का, आमच्या दारात नळ हाय."

नळ कालपासून कोरडा आहे, हे मी शहाणीनं सांगितलं नाही. संध्याकाळी यांनी प्यायला पाणी मागितलं. मी कळशी घेऊन शेजारणीकडं निघाले, तेही हसत.