आलंच!

हॉस्पिटलच्या तळघरात लोकांच्या आखडलेल्या पाठी मोकळ्या करणाऱ्या त्या बाईला सगळे 'इंजिन' म्हणत. दिसत नव्हतं जन्मापासून, पण मॅरेथॉन धावायला लागली की भले भले डोळस मागे पडत. कौतुकाचा मात्र तिला तिटकारा. "तुम्ही एवढं धावता, हेच खूप!" असं कुणी म्हणालं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. हेच खूप कसं? बाकीच्यांना लोक विचारतात, किती वेळात धावलात. हिच्या वाट्याला नुसती शाबासकी.

दुसरं दुखणं जोडीदाराचं. मनगटाला दोरी बांधून शेजारी धावणारं माणूस हवं, आणि ते तिच्याहून वेगवान हवं. असं माणूस आणायचं कुठून? एकाचा गुडघा गेला. एक लग्न होऊन परगावी गेली. एकाला तर कॅमेरा दिसला की हात हलवल्याशिवाय राहवत नसे. दरवेळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी घरातच भावजी सापडले, थोरल्या बहिणीचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पोट कमी करायला म्हणून धावायला लागले. पोट गेलं, धावणं राहिलं. खड्डा, वळण, पाण्याचं टेबल, सगळं चोख सांगत. मन मात्र लोण्याचं.

यंदा देशाच्या संघाची निवड होती. तिचं वय उलटत चाललं होतं. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि निवडणाऱ्यांनाही.

निवडीच्या शर्यतीची सुरुवात झकास झाली. हवा होता त्याहून चांगला वेग लागला होता. पण उड्डाणपुलाच्या चढावर धाप आवरेना.

"अजून किती?" तिने विचारलं.

"आलंच!" भावजी म्हणाले. "पूल उतरलो की समोर शेवटची कमान!"

मग काय, तिने अंगातलं उरलंसुरलं सगळं पणाला लावलं. पूल उतरला. कमान काही येईना. रस्ता वळला, पुन्हा वळला, आणि पोटऱ्यांत गोळे आले. मागून दोन जोड्यांची पावलं आली आणि पुढे निघून गेली. धावणारं इंजिन आता नुसतं पायी चालायला लागलं.

निवडलेल्यांची नावं लाउडस्पीकरवर वाचून झाली. तिचं नव्हतं. तंबूमागे तिने मनगटावरची दोरी ओढून काढली.

"पुलानंतर किती राहिलं होतं?"

"चार किलोमीटर," भावजी पुटपुटले.

"मग आलंच का म्हणालात?"

"अगं, तुझे हाल बघवेनात मला. म्हटलं, तेवढाच धीर येईल."

"धीर द्यायला घरात माणसं काय कमी आहेत?" ती कडाडली. "बघवत नव्हतं म्हणे! अहो भावजी, बघायलाच तर तुम्हाला घेतलं होतं."